मदत हवी आहे: लुव्हालेत 'लिकिशी'ला माणसाचं क्रियापद लावायचं का?

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं झांबियात, सोल्वेझीला आहोत. तांब्याच्या खाणींचं गाव. इथे जास्त करून काओंडे भाषा ऐकू येते, पण शेजारच्या मावशी झांबेझीच्या (जुनं नाव बालोव्हाले), त्यामुळे त्यांच्या घरात लुव्हाले. ऑगस्टमध्ये त्या आम्हाला 'लिकुंबी ल्या मिझे' या लुव्हाले लोकांच्या उत्सवाला नेणार आहेत. तिथे नुसतं 'मोयो म्वाने' (नमस्कार) म्हणून गप्प बसायचं नाही, असं ठरवून अभ्यासाला लागले.

सुरुवात झकास झाली. लिकुंबी म्हणजे दिवस, ल्या म्हणजे 'चा': मिझेचा (हे गावाचं नाव) दिवस. आपला 'चा' जसा ज्याचं असतं त्याच्याकडे न बघता पुढच्या नामाप्रमाणे चा-ची-चे होतो, तसंच हे! फक्त यांचं नाम आधी येतं. 'म्वाना वा' म्हणजे अमक्याचं मूल, 'व्हाना व्हा' म्हणजे मुलं. लिंग नाही, पण नामांचे वर्ग आहेत, आणि तो वर्ग उपसर्गातच दिसतो. दोनच दिवसांत मला वाटायला लागलं, भाषा आली!

मग गाडी अडली. उत्सवात नाचणारे मुखवटेधारी म्हणजे मकिशी. एक असेल तर लिकिशी. म्हणजे ली-मा वर्ग (एकवचनाला ली, अनेकवचनाला मा), लिकुंबीचाच. माणसांचा मु-व्हा वर्ग वेगळा: मुतू (माणूस)-व्हातू (माणसं). आता 'लिकिशी आला' म्हणताना क्रियापद ली-वर्गाप्रमाणे चालवायचं की माणसाप्रमाणे? मुखवट्याच्या आत माणूसच असतो ना, असं मावशींना विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "कोण म्हणालं माणूस असतो?" मकिशी म्हणजे परत आलेले पूर्वज. मुलग्यांच्या मुकांदा विधीच्या (सुंता आणि वयात येण्याचा संस्कार) वेळी ते येतात, आणि आतलं गुपित बायकांनी विचारायचं नसतं. व्याकरण विचारायला गेले आणि भलतंच बोलून बसले!

पुन्हा त्यांना विचारायचा धीर होत नाही. इथे कोणी बांटू भाषा (लुव्हाले, स्वाहिली ज्या कुळातल्या) शिकलंय का? स्वाहिली येणाऱ्यांनीही सांगा, तिकडे सजीवांना वेगळ्या वर्गात असूनही माणसांचं क्रियापद लागतं असं वाचलंय. लुव्हालेत तसंच का?

आणखी एक. ही स्वराघातांची भाषा, पण लिहिताना चढ-उतार दाखवत नाहीत. रेडिओवर लुव्हाले बातम्या लावते, पण वेग झेपत नाही. कान तयार करायला काय करावं?