ट्रायपॉडवर एकटीनं स्वतःचा फोटो: कपाशी स्पष्ट, चेहरा धूसर. काय करू?

पऱ्हाटी
नमस्कार. मी पांढरकवड्याकडच्या एका खेड्यात राहते. कॅनन १५००डी, ५० एमएम १.८ लेन्स आणि हलका ट्रायपॉड आहे. आजीचं नऊवारी लुगडं नेसून वेचणीच्या दिवसांत शेतात स्वतःचा फोटो काढायचाय. आजीनं जन्मभर कापूस वेचला, पण वेचतानाचा तिचा एकही फोटो घरात नाही. म्हणून हा नीट हवाय. १० सेकंदांचा टायमर लावून पळत जागेवर जाते. तीन सकाळी गेल्या, एकाही फोटोत डोळे स्पष्ट नाहीत. घरचे सगळे कामात, बटण दाबायला कोणी नाही. रिमोट घेऊ की लेन्स बदलू?

वर्धाकाठ
ताई, आधी हे सांगा: मागची कपाशी स्पष्ट येते, की सगळाच फोटो हललेला येतो?

पऱ्हाटी
मागचं बोंड न् बोंड मोजता येतं. चेहराच तेवढा नाही.

वर्धाकाठ
मग लेन्स चांगली आहे, बदलू नका. तुम्ही बटण दाबता त्याच क्षणी कॅमेरा फोकस धरून मोकळा होतो. तेव्हा तुमची जागा रिकामी असते, म्हणून तो मागची कपाशी धरतो. तुमच्या आधी तिथं दुसरं काहीतरी उभं पाहिजे. एक लांब तुराटी रोवा आणि तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर पेपरचं पान सुतळीनं बांधा. नुसत्या तुराटीवर फोकस निसटतो, छापील अक्षरांवर चटकन बसतो. फोकसचा फक्त मधला बिंदू ठेवून पानावर फोकस करा, मग लेन्सवरचं बटण एएफवरून (कॅमेरा स्वतः फोकस करतो) एमएफवर (आपण हातानं करायचा) सरकवा. आता कॅमेरा फोकस हलवणार नाही. तुराटी उपटा, पण तिच्या बुडाशी टाचेला टेकेल अशी वीट ठेवा, म्हणजे परत त्याच जागी उभ्या राहाल.

दुसरं, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र, १.८ वर ठेवून काढू नका. २ मीटरवरून या लेन्सनं जेमतेम ११ सेंमी खोलीच स्पष्ट येते. किंचित पुढे वाकलात की डोळे बाहेर. एफ ५.६ वर तीच खोली ३४ सेंमीच्या आसपास जाते. शटर १/२०० सेकंद ठेवा, उजेड कमी पडला तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवा.

झुंजूमुंजू
ताई, आपल्या काळ्या जमिनीत ट्रायपॉडचे पाय हळूहळू खचते. मले हे लय उशिरा समजलं. पायाखाली कवेलूचे (कौलाचे) तुकडे ठेवजा, मधला दांडा वर काढू नका. वारा असला तं थैलीत माती भरून खाली बांधजा. अन् उन्हं वर यायच्या आत काढजा. नंतर पांढरा कापूस नुसता चमकते अन् चेहरा काळा येते.

वर्धाकाठ
रिमोटचं राहिलंच. वायरचा रिमोट घेऊ नका, कॅननच्या वायरची लांबी ६० सेंमी. ब्लूटूथचं छोटं बटणही नको, १५००डीत ब्लूटूथ नाही. पण वाय-फाय आहे. मोबाइलवर कॅमेरा कनेक्ट हे ॲप टाका, स्क्रीनवर स्वतःला बघून तिथूनच फोटो काढता येतो. कॅमेरा स्वतःचं वाय-फाय सोडतो, त्यामुळे शेतात रेंज नसली तरी अडत नाही. ॲप फक्त आधी घरून उतरवून घ्या.

पऱ्हाटी
मोबाइल हातात दिसेल ना? लुगड्यावर ते नको वाटतं.

वर्धाकाठ
मग टायमरच बरा. त्यात सलग फोटोंचा पर्याय आहे, एका दाबात १० पर्यंत निघतात. पहिल्या दोन-तीनांत श्वास लागलेला दिसतो, पुढचे चांगले येतात.

पऱ्हाटी
आज सीतादही (वेचणी सुरू करतानाची शेतातली पूजा) झाल्यावर लगेच काढले. पेपरचं पान, वीट, कवेलू, सगळं सांगितलं तसं. सातवा फोटो मोठा करून पाहिला तर डोळ्यात समोरचा धुरा (बांध) आणि त्यावरची बाभूळ दिसते. आईला दाखवला. तिनं आधी लुगड्याचा काठ ओळखला, मग मला.