मदत हवी आहे: लग्नाच्या फुटेजसाठी एसएसडी आता घ्यावी की पुढच्या पिढीसाठी थांबावं?

शटरवाला_भुसावळ
राम राम मंडळी. भुसावळला आमचं छोटं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. एका लग्नाचं, हळदीपासून वरातीपर्यंत, तीन कॅमेऱ्यांचं मिळून ४००-५०० जीबी फुटेज सहज होतं. एडिटिंगचा पीसी आय७-९७०० चा, रॅम ३२ जीबी. विंडोज सॅटा (जुन्या जोडणीच्या) एसएसडीवर, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर, आणि फुटेज सगळं ४ टीबीच्या हार्ड डिस्कवर.

कार्डं रिकामी करायलाच दीड तास जातो. दुसऱ्या मांडवात जायची वेळ होते तरी कार्ड रीडरमध्येच. त्यात तिन्ही कॅमेरे टाइमलाइनवर एकत्र लावले की प्रीव्ह्यू अडखळतो. नवरी हार घालते आणि नवरदेवाची मान दोन सेकंदांनी खाली येते.

जळगावला गोलाणी मार्केटात विचारलं. एक म्हणाला जेन ४ (पीसीआयई या जोडणीची चौथी पिढी) घ्या, दुसरा म्हणाला घ्यायची तर जेन ५ च, सेकंदाला १४,००० एमबी. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, "मामा थांबा, पीसीआयई ६ येतंय, मग हे सगळं स्वस्त होईल." इकडे एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला लागल्यापासून भाव उलट चढलेत! तर आते लेऊ का थांबू?

आणखी एक. जुनी लग्नं ठेवायलाही एसएसडीच वापरली तर? कपाट हार्ड डिस्कांनी भरलंय. गिऱ्हाईक तीन वर्षांनी उगवतं, म्हणे पोराच्या वाढदिवसाला लग्नाचा व्हिडिओ लावायचाय. दुकानात कूलर आहे, एसी नाही, आणि मे महिन्यातलं भुसावळ तुम्हाला माहीतच आहे. कृपया "बजेट वाढवा" एवढं सांगू नका.

धुळेकर_डेटा
भाऊ, कार्ड कोणतं वापरता? त्यावर रोमन एक आहे की दोन?

शटरवाला_भुसावळ
एक. व्ही३० (व्हिडिओचा वेग-दर्जा) लिहिलंय. रीडर एकच आहे, यूएसबी ३ चा.

धुळेकर_डेटा
मग दीड तासाचं खापर डिस्कवर फोडू नका. रोमन एक म्हणजे यूएचएस-१, त्या कार्डाची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी, हाती येतात ९० च्या आसपास. त्या हिशोबाने ५०० जीबीला दीड तास लागणारच, मग समोर जेन ५ असो नाहीतर जेन १५.

स्वस्तातला उपाय म्हणजे आणखी दोन रीडर घ्या आणि तिन्ही कार्डं एकदम लावा, प्रत्येक वेगळ्या यूएसबी ३ पोर्टात. काही कॅबिनेटांना पुढे यूएसबी २ असतं, तिथे लावलंत तर सगळं मुसळ केरात. तिघांचे मिळून सेकंदाला २७० एमबी येतील. एवढं एकाच वेळी तीन ठिकाणाहून हार्ड डिस्कला झेपणार नाही, एसएसडीला झेपेल. अर्ध्या तासात मोकळे. पुढे कधी यूएचएस-२ कार्डं घेतलीत तर त्यांची मर्यादा ३१२ एमबी आहे, पण रीडरही तसाच लागतो.

आता अडखळण्याचं. तुमचं फुटेज १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) असेल तर एका कॅमेऱ्याला सेकंदाला १२.५ एमबी लागतात, तिघांना ४० सुद्धा नाहीत. हार्ड डिस्क इथे वेगात कमी पडत नाही, तिच्या हेडला (वाचणाऱ्या सुईला) तीन फायलींमध्ये नाचावं लागतं आणि दर उडीला ८-१० मिलिसेकंद जातात. एसएसडीत हेडच नाही. म्हणजे कुठलीही बरी एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणारी एसएसडी) चालेल. शिवाय तुमच्या ९७०० वर पीसीआयई ३ च आहे, १४,००० वाली लावली तरी ३,५०० च्या पुढे जाणार नाही.

एसएसडी लावूनही अडखळलं तर टास्क मॅनेजर उघडा. डिस्क निवांत आणि सीपीयू १०० टक्के दिसला तर एच.२६५ (दाबून लहान केलेला व्हिडिओ) उलगडताना दमछाक होतेय. मग प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) बनवा.

भाच्याला सांगा, पीसीआयई ६ चं स्पेसिफिकेशन २०२२ मध्येच आलंय, पण त्यावरच्या एसएसडी आधी डेटा सेंटरात जाणार. आणि वाट पाहण्याचं म्हणाल तर २०१५ मध्ये इंटेल आणि मायक्रॉनने थ्रीडी एक्सपॉइंट हे मेमरीचं नवं तंत्र जाहीर केलं, फ्लॅशपेक्षा (एसएसडीतल्या नेहमीच्या चिपपेक्षा) हजारपट वेगवान म्हणून. २०१७ ला ऑप्टेन नावाने बाजारात आलं, प्रतिसादाचा वेळ खरोखर उत्तम होता. पण महाग पडलं आणि २०२२ ला इंटेलने तो धंदाच गुंडाळला. त्यासाठी थांबलेल्यांच्या किती लग्नसराया गेल्या देव जाणे.

केळीबाग_रावेर
साठवणीला एसएसडी नको दादा. फ्लॅशच्या पेशीत विद्युतभार कोंडलेला असतो, तो वीज न देता ठेवला की हळूहळू झिरपतो आणि उष्णतेत लवकर. घरगुती एसएसडीसाठी जेडेकचं (मेमरीची मानकं ठरवणारी संस्था) मानक बघा: लिहिण्याचं आयुष्य संपत आलेली ड्राइव्ह बंद अवस्थेत ३० अंशांत १ वर्ष टिकावी, एवढीच अपेक्षा. नवी जास्त टिकते, पण आपल्याकडे मे महिन्यात ३० अंश कुठल्या कपाटात असतात?

जुन्या लग्नांना हार्ड डिस्कच, दोन प्रती, एक दुकानात आणि एक घरी. त्याही वर्षातून एकदा लावून बघायच्या. हार्ड डिस्क संपली म्हणतात ते खरं नाही. सीगेटने लेसरने तापवून लिहिणाऱ्या ३० टीबीच्या ड्राइव्ह २०२४ मध्ये आणल्या. फक्त त्यात वाढतेय ती जागा, वेग नाही.

एसएसडीला हीटसिंक लावाच, नाहीतर तापली की स्वतःच वेग कमी करते. जेन ५ तर जास्तच तापतात.

शटरवाला_भुसावळ
मोठं काम झालं भाऊ. रीडर उद्याच आणतो. मग जेन ३ ची २ टीबी, सगळ्यात स्वस्त मिळेल ती घेऊ का?

धुळेकर_डेटा
सगळ्यात स्वस्त नको, ती बहुधा क्यूएलसी असते, म्हणजे एका पेशीत ४ बिट. सुरुवातीला पळते, पण एकदम ५०० जीबी ओतलं की कॅश (आतली जलद तात्पुरती जागा) भरते आणि काही ड्राइव्ह तर हार्ड डिस्कच्याही खाली येतात. टीएलसी (एका पेशीत ३ बिट) मागा. जेन ४ ची त्याच भावात मिळत असेल तर तीच घ्या, जुन्या बोर्डावर चालते आणि पुढे पीसी बदलला तर तिकडे लावता येईल. बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या.