थोरेन्स टीडी १६०: टोनआर्म बदलावा की आधी आहे ते नीट करावं?

शेवटचाखाचा:
घरात थोरेन्स टीडी १६० हा रेकॉर्ड प्लेअर आहे, पहिल्या आवृत्तीचा, मूळ टीपी १६ टोनआर्मसकट (सुई धरणारा दांडा). कार्ट्रिज (आर्मच्या टोकाचा, सुई बसते तो भाग) शुअर एम७५ईडी, त्यावर दुसऱ्या कुणीतरी बनवलेली सुई. ऐकणं मुख्यतः दमदम छापाच्या (एचएमव्हीच्या कोलकात्याजवळच्या कारखान्यातल्या) शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या एलपींचं. तक्रारी तीन: तंबोरा लांबवर चालू असला की स्वर किंचित डोलतो, बाजू संपत आली की 'स' आणि 'श' फाटतात, आणि खोलीत कुणी चाललं की सुई उडते. खर्चाची तयारी ३०,००० रुपयांपर्यंत. डोक्यात रेगा कंपनीचा नवा टोनआर्म आहे. यंत्र विकायचं नाही, त्याचं मूळ रूपही फार बिघडवायचं नाही. कुठून सुरुवात करू?

स्प्रिंगवाला:
रेगा तूर्त बाजूला ठेवा. डोलणारा स्वर हा काही टोनआर्मचा दोष वाटत नाही, आणि सुई उडण्याचं मूळही बहुधा प्लॅटर (रेकॉर्डची फिरती थाळी) आणि आर्म ज्यांवर तोललेले असतात त्या खालच्या स्प्रिंगांत आहे.

आधी डोलणं किती वेळाने येतं ते घड्याळ लावून पाहा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीला एक फेरा १.८ सेकंदांचा. स्वर बरोबर तेवढ्या अंतराने वर-खाली होत असेल, तर बहुतेक वेळा रेकॉर्डचं भोक मध्यावर नसतं. त्या काळच्या छापात हे बरंच आढळतं. वाजताना आर्मचं टोक डावी-उजवीकडे झुलताना डोळ्यांनी दिसतं. दुसरी रेकॉर्ड लावली की झुलणं थांबलं, तर यंत्राला हात लावायचं कारण नाही. पण डोलणं अनियमित असेल तर बेल्ट, पुली (मोटरवरचं बेल्टचं चाक) आणि बेअरिंग (प्लॅटरचा दांडा फिरतो ती जागा), याच क्रमाने बघा.

बेल्ट आतल्या प्लॅटरवर बसतो. बोटांत ताणून सोडला आणि लगेच आकसला नाही, किंवा पृष्ठभाग चकचकीत झाला असेल, तर नवा घ्या. नवा बेल्ट, आतल्या प्लॅटरची कड आणि पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नंतर त्याला बोट लावू नका. बोटांचा तेलकटपणा पुलीवर गेला की बेल्ट घसरतो.

बेअरिंगसाठी आतला प्लॅटर सरळ वर उचला. दांडा बसतो त्या विहिरीतलं जुनं काळं तेल कापसाच्या काडीने टिपून काढा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. मग हलक्या खनिज तेलाचे थोडे थेंब घालून दांडा हळूहळू सोडा. तो हवेला बाहेर काढत सावकाश खाली बसायला हवा, झटकन पडला तर तेल कमी आहे. वर आलेलं जास्तीचं तेल पुसून घ्या, बेल्टवर गेलं तर सगळी मेहनत वाया. खोबरेल नको, ते चिकटतं. गंज सोडवायचे स्प्रेही नकोत, ते उडून जातात आणि बेअरिंग कोरडं पडतं.

स्प्रिंगा शेवटी. प्लग काढा, खालची हार्डबोर्डची फळी सोडवा, यंत्र दोन भक्कम ठोकळ्यांवर ठेवा. दोन्ही प्लॅटर, मॅट, रेकॉर्ड, आर्मला कार्ट्रिज, असं सगळं वजन जागेवर असतानाच खालचे तीन नट फिरवायचे. मधली खुंटी हलकेच दाबून सोडा: प्लॅटर सरळ वर-खाली झाला पाहिजे. तिरका हलला किंवा गोल घुमला, तर स्प्रिंग वाकडी बसली आहे किंवा आर्मच्या तारा चासीला (स्प्रिंगांवरच्या सांगाड्याला) ओढताहेत. त्या तारांना सैल वळसा द्या. इथेच बहुतेक जण फसतात, नट फिरवत बसतात आणि दोष तारेत असतो. वाहतुकीसाठीचे स्क्रू आवळलेले राहिले असतील तर मात्र यातलं काहीच जमणार नाही, ते आधी बघा.

ती हार्डबोर्डची फळी काढलीच आहे तर तिच्या जागी १२ मिमीची प्लायवूड फळी लावा. स्वस्तात होणारी ही सगळ्यात चांगली सुधारणा, आणि मूळ फळी जपून ठेवली की हवं तेव्हा परतही जाता येतं.

ग्रॅमआणिमिलिव्होल्ट:
वरच्याशी पूर्ण सहमत. सुई उडण्याला आणखी एक कारण आहे, ते आकड्यांत दिसतं. टीपी १६चं परिणामी वस्तुमान (हलताना सुईला जाणवणारं) सुमारे १६.५ ग्रॅम, म्हणजे जड आर्म. एम७५ईडीची सुई मऊ, कंप्लायन्स (सुईचा लवचीकपणा) २५च्या आसपास. आर्म, ६ ग्रॅमचं कार्ट्रिज आणि अर्ध्या ग्रॅमचे स्क्रू मिळून २३ ग्रॅम. आर्म आणि सुई मिळून आपोआप ज्या वेगाने थरथरतात, त्या अनुनादाचं सूत्र असं: १५९ला (वस्तुमान × कंप्लायन्स)च्या वर्गमुळाने भागायचं. २३ गुणिले २५ म्हणजे ५७५, वर्गमूळ २४, उत्तर ६.६ हर्ट्झ. हवं असतं ८ ते १२च्या दरम्यान. वाकड्या रेकॉर्डची लाट आणि स्प्रिंगांवरच्या चासीचं स्वतःचं हलणं याच्या जवळ आलं की पावलांचा धक्का सुईपर्यंत पोचतोच.

शुअरने २०१८मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, त्यामुळे आता सगळा भरवसा दुसऱ्यांच्या सुयांवर. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई बघा. वजन ६.१ ग्रॅम. कंपनी कंप्लायन्स ७ देते, पण तो १०० हर्ट्झला मोजलेला. १० हर्ट्झसाठी साधारण १.७ ने गुणतात, म्हणजे १२. उत्तर येतं ९.६ हर्ट्झ. जड आर्म इथे अडचण न राहता उपयोगी ठरतो. ऑर्टोफॉन टूएम रेड चांगलं कार्ट्रिज आहे, पण ७.२ ग्रॅम आणि कंप्लायन्स २०, म्हणजे याच आर्मवर ७.२ हर्ट्झ. इथे मी ते घेणार नाही.

आता 'स' फाटण्याचं. ३० सेंमीच्या एलपीवर बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी खाच सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. म्हणजे १० किलोहर्ट्झची एक लाट आत फक्त २१ मायक्रॉनची. १५ मायक्रॉन त्रिज्येची गोल सुई तिच्यात मावतच नाही. तुमच्या एम७५वर बदली सुई कुठली आहे ते भिंगाखाली तपासा, नावाला 'ईडी' (म्हणजे लंबवर्तुळाकार) आणि प्रत्यक्षात गोल असं असू शकतं. व्हीएम९५मालिकेत सुई तेवढी बदलता येते: आधी लंबवर्तुळाकार 'ई' घ्या, पुढे त्याच बॉडीवर आणखी बारीक धारेची मायक्रोलिनियर 'एमएल' सुई चढवा. आतल्या खाचांत फरक तिथे कळतो.

बसवताना दाब २ ग्रॅम. आर्मवरच्या आकड्यांवर विसंबू नका, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. कोन जुळवायचा प्रोट्रॅक्टर ६६ आणि १२०.९ मिमीवर दोन बिंदू असलेला. दोन्ही ठिकाणी कार्ट्रिजची बाजू रेषेला समांतर झाली पाहिजे, एकाच ठिकाणी जुळवून थांबू नका.

आणि केबल विसरू नका. या कार्ट्रिजला १०० ते २०० पिकोफॅरड भार (केबल आणि पुढच्या यंत्राची मिळून कपॅसिटन्स) चालतो. लांब केबल आणि फोनोचा (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचा) अंतर्गत कपॅसिटर मिळून ४०० झाले तर ५५० मिलिहेन्रीच्या कॉइलबरोबर अनुनाद १०.७ किलोहर्ट्झवर येतो आणि 'स' आणखी बोचतो. १५० पिकोफॅरडला तोच साडेसतरा किलोहर्ट्झवर जातो. फोनोच्या माहितीपत्रकात आकडा असतो, आधी तो बघा.

मऊसुई:
थोडा वेगळा मुद्दा. मऊ सुईचं कार्ट्रिजच ठेवायचं असेल, तर हलका आर्म हा योग्य मार्ग आहे. रेगा आर्म ११ ग्रॅमच्या आसपास. त्याच शुअरबरोबर ७.६ हर्ट्झ, आधीपेक्षा बरं. पण त्याला नवा आर्मबोर्ड लागतो, खुंटीपासून २२२ मिमीवर सुमारे २४ मिमीचं भोक पाडावं लागतं, स्प्रिंगा नव्याने जुळवाव्या लागतात आणि उंची स्पेसर घालूनच बदलता येते. मूळ बोर्ड कापू नका एवढीच विनंती. तुमच्या अटी बघता व्हीएम९५चा सल्ला मलाही जास्त पटतो.

एडिसनकर:
इथेच विचारते. न्यू जर्सीहून टीडी १६० पुण्याला न्यायचा आहे. ट्रान्सफॉर्मर लावला की झालं का?

स्प्रिंगवाला:
नाही ताई. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. मोटर १६ ध्रुवांची सिंक्रोनस: अमेरिकेतल्या ६० हर्ट्झवर मिनिटाला ४५० फेरे, इथल्या ५० वर ३७५. तिकडची पुली इथे लावली तर प्लॅटर ३३⅓ऐवजी २७.८ने फिरेल. काळी एकमधला गायक काळी पाचच्याही किंचित खाली ऐकू येईल. ५० हर्ट्झची पुली वेगळी मिळते, ती घ्या. मोटरची जोडणी २२०साठी बदलणं जाणकाराकडूनच करून घ्या, आणि त्याच वेळी स्विचवरचा जुना कपॅसिटर काढून त्याच मूल्याचा, २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ प्रकारचा बसवून घ्या.

शेवटचाखाचा:
फळी काढली. आर्मच्या बाजूची स्प्रिंग खाली बसली होती आणि तारा ताणलेल्या होत्या. आता प्लॅटर सरळ हलतो, चालताना सुई उडत नाही. बेल्टही नवा घातला. पण गती तपासायच्या स्ट्रोब तबकडीवर रेघा स्थिर दिसतच नाहीत, नुसतं धुरकट. गती चुकली का?

स्प्रिंगवाला:
एलईडी दिव्याखाली बघताय का? बरेच एलईडी वीजपुरवठ्याबरोबर लुकलुकत नाहीत, म्हणून रेघा दिसत नाहीत. निऑनचा टेस्टर दिवा किंवा जुना बल्ब जवळ धरा. ५० हर्ट्झच्या तबकडीवर ३३⅓साठी १८० रेघा असतात. २१६ असतील तर ती ६० हर्ट्झची आहे, इथे चालणार नाही. रेघा प्लॅटरच्या दिशेने सरकल्या तर गती जास्त, उलट सरकल्या तर कमी. आणि मोजताना सुई रेकॉर्डवर टेकवलेली ठेवा.