जूमला शिकताना अडलेले शब्द : चेक-इन, उर्फ आणि खुद्द 'जुमला'

देवघेव_काउंटर :
मंडळी, आमच्या वाचनालयाची वेबसाइट करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कारण एवढंच, की काउंटरवरचा संगणक मी चालवते! पुतण्याने जूमला ३ (वेबसाइट तयार करून चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून दिलं नि तो नोकरीवर निघून गेला. माझ्या हाताशी रद्दीत मिळालेलं एक जाडजूड इंग्रजी गाइड आहे, तेही जूमला १.५ चं. पुस्तक म्हणतं आधी सेक्शन करा, मग त्यात कॅटेगरी, मग आर्टिकल. मी अख्खी संध्याकाळ सेक्शन शोधत बसले.

ते असो. पुढे दोन कार्यकर्त्यांना शिकवायचंय म्हणून मी मराठीत टिपण करतेय आणि तिथे शब्द अडतात. कंपोनंट, मॉड्यूल, प्लगिन हे तिन्ही वेगळे आहेत असं पुस्तक बजावून सांगतं, पण कोशात पहिल्यालाही 'घटक' आणि दुसऱ्यालाही 'घटक'. लेखाच्या नावाशेजारी कुलूप येतं आणि त्यावर 'चेक-इन' करा म्हणतात. मला तर लॉजच डोळ्यांसमोर येतो. शीर्षकाखाली 'अलायस' नावाचा रकाना असतो, त्याला काय म्हणू?

पाटीपेन्सिल :
काही म्हणू नका. जे पडद्यावर दिसतं तेच लिहा. 'संकेतस्थळ' म्हणून काय मिळवलं आपण? संस्कृत काव्यात अभिसारिका रात्री लपतछपत जायची ते संकेतस्थळ. आता तिथे निविदा प्रसिद्ध होतात.

कंपोझिटर :
पाटीपेन्सिल, बटणावर जे छापलंय ते तसंच लिहावं, हे कबूल. पण बटण कशाचं आहे ते समजवायला तरी आपला शब्द लागतोच ना?

ताई, मी आयुष्यभर वर्तमानपत्राची पानं लावली, त्यामुळे मला हे असं दिसतं. पानावरची मुख्य बातमी म्हणजे कंपोनंटने आणून दिलेला मजकूर. एका पानावर तो एकच. लेख, संपर्काचा फॉर्म, शोधाचे निकाल, यांतलं एका वेळी एकच काहीतरी मधल्या जागेत येतं. आजूबाजूला आम्ही जी 'चौकट' टाकायचो ते मॉड्यूल. तुमची 'वाचनालयाची वेळ : सकाळी ८ ते ११' ही चौकट. ती सगळ्या पानांवर दाखवायची की निवडक, हे ठरवता येतं. मॉड्यूलला 'घटक' म्हणाल तर कुणाला काही कळणार नाही, 'चौकट' म्हणा, झेरॉक्सवाल्यालाही कळेल.

प्लगिन मात्र पानावर दिसत नाही. तो पडद्यामागे बसतो आणि काही घडलं की आपलं काम करतो. लेखात वाचनालयाचा ईमेल पत्ता लिहा. वाचणाऱ्याला तो सरळ दिसेल, पण पानाचा मूळ कोड उघडून पाहिलात तर पत्ता विस्कटलेला असेल. ईमेल गोळा करत फिरणारे प्रोग्राम फसावेत म्हणून एक प्लगिन ते करून ठेवतो. आमच्याकडे मुद्रितशोधक होते, त्यांचंही नाव पानावर कधी यायचं नाही. पण म्हणून प्लगिनला मुद्रितशोधक म्हणू नका! प्लगिनच ठेवा.

पाटीपेन्सिल :
'तो' प्लगिन? मी 'ते' प्लगिन म्हणतो.

कंपोझिटर :
प्रोग्राम 'तो', म्हणून प्लगिन 'तो'.

पाटीपेन्सिल :
आणि सॉफ्टवेअर 'ते', म्हणून प्लगिन 'ते'. काका, हे मिटायचं नाही.

मोडीवाली :
तुमचं चालू द्या. मला कुणीच अजून न विचारलेल्या शब्दाबद्दल बोलायचंय. खुद्द जूमला!

हे नाव स्वाहिलीतल्या 'जुमला' वरून घेतलंय. अर्थ 'सगळं मिळून, एकूण'. इंग्रजी वळणाने लिहिताना त्याचं जूमला झालं. स्वाहिलीत तो अरबीतून गेला आणि आपल्याकडे फारसीच्या वाटेने तोच शब्द आला. 'एकूण जुमला' आपण म्हणतोच की! शिवकाळातल्या घोडदळात पंचवीस बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार असे आणि असे पाच हवाले मिळून एक जुमला. त्यावरचा अधिकारी तो जुमलेदार. म्हणजे इथेही अर्थ 'एकत्र केलेला समूह' हाच. स्वाहिलीत घाऊक भावालाही जुमल्याचा भाव म्हणतात.

मग 'निवडणुकीतला जुमला' कुठून आला? अरबी व्याकरणात जुमला म्हणजे वाक्य, कारण शब्द एकत्र येऊन पूर्ण अर्थ होतो. उर्दू-हिंदीने तो अर्थ धरला आणि अलीकडे तो बातम्यांतून मराठीत घुसलाय. आमच्या गटात कुणी 'जूमलावर साइट केली' म्हणालं की लोक हसतात, ते या दुसऱ्या अर्थामुळे.

नाव ठेवण्यामागे कारणही होतं. आधी 'मॅम्बो' नावाचं सॉफ्टवेअर होतं, त्याचे हक्क ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीकडे होते. २००५ च्या ऑगस्टमध्ये कारभार कुणाच्या हातात असावा यावरून मुख्य मंडळी बाहेर पडली आणि सप्टेंबरात त्याच कोडवरून जूमला १.० आलं, कुणा एकाचं नव्हे, 'सगळ्यांचं मिळून'. इंग्रजीत याला फोर्क म्हणतात, त्याचं कुणीतरी 'काटा' केलेलं मी वाचलंय. अहो, मराठीत रस्त्याला फाटा फुटतो! मॅम्बोला फाटा फुटला आणि जूमला निघालं. जुन्या जूमलात प्लगिनला 'मॅम्बॉट' म्हणत, ती त्या घराण्याची खूण. १.५ मध्ये ते नाव गेलं.

देवघेव_काउंटर :
मोडीवालीताई, माझ्या गाइडात एका तळटिपेत मॅम्बॉट आहे! मला वाटलं छपाईची चूक.

मोडीवाली :
नाही हो, इतिहास आहे. आणि तुमचा सेक्शन १.६ मध्ये, २०११ साली, गेला. त्यानंतर कॅटेगरीच्या पोटात कॅटेगरी करता येते, म्हणून वरच्या मजल्याची गरज उरली नाही. गाइडात जिथे सेक्शन आहे तिथे 'मोठी कॅटेगरी' वाचा आणि पुढे चला.

आता चेक-इन. तुमचं टोपणनाव काय आहे, ताई?

देवघेव_काउंटर :
देवघेव काउंटर. का?

मोडीवाली :
सभासद पुस्तक घेऊन गेला की तुम्ही काय म्हणता? 'पुस्तक बाहेर आहे.' परत आणलं की? 'जमा केलं.' हेच ते. एकाने लेख दुरुस्तीला उघडला की तो लेख त्याच्या नावावर बाहेर जातो, दुसऱ्याला कुलूप दिसतं. दोघांनी एकाच वेळी लिहून एकमेकांचं पुसू नये म्हणून ही सोय. काम झाल्यावर 'सेव्ह अँड क्लोज' किंवा 'क्लोज' दाबून बाहेर पडलं की लेख आपोआप जमा होतो. लोक नुसता टॅब बंद करतात, मग पुस्तक त्यांच्याच नावावर राहतं.

देवघेव_काउंटर :
अगं बाई! आमचे खजिनदार! तीन लेखांना कुलूप होतं, तिन्हींवर माउस नेला की त्यांचंच नाव. मी समजत होते, ते दिवसभर लिहीत बसलेत. टिपणात लिहिते, 'चेक-इन म्हणजे लेख जमा करणे.'

कंपोझिटर :
अलायसला सरळ 'उर्फ' म्हणा. कोर्टाच्या कागदात असतं तसं. लेखाचं नाव एक, पत्त्याच्या पट्टीत दिसणारं नाव दुसरं.

पाटीपेन्सिल :
हे आवडलं. पण ताई, तुम्ही शीर्षक देवनागरीत देता ना? उर्फ रिकामा सोडलात तर काय होतं बघितलंत?

देवघेव_काउंटर :
आकडे येतात. 'बालवाचक सप्ताह' असं नाव दिलं, तर पत्त्यात साल, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. मला वाटलं व्हायरस!

पाटीपेन्सिल :
नाही नाही. जूमला शीर्षकातली रोमन अक्षरं शोधतं. एकही सापडलं नाही की लाजेकाजेस्तव तारीख-वेळ लावून देतं. सेटिंगमध्ये 'युनिकोड अलायस' आहे, ते चालू केलंत की देवनागरी उर्फही चालतं. मात्र तो पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकलात की बऱ्याचदा टक्केवारीच्या चिन्हांची माळ होते. त्यापेक्षा उर्फ रोमनमध्ये हाताने लिहा.

कंपोझिटर :
म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे मराठी लेखाला रोमन उर्फ. बरं.

पाटीपेन्सिल :
काका, टोमणा पोचला.

देवघेव_काउंटर :
एक शेवटचं. गाइडात पानोपानी 'क्लिक'. टिपणात 'टिचकी मारा' लिहू की 'क्लिक करा'? आणि 'करा' की 'करावे'?

मोडीवाली :
टिचकी कॅरममध्ये. बोट अंगठ्याने अडवून सोडायचं ती टिचकी. माउसवर आपण नुसतं दाबतो. 'क्लिक करा' लिहा. 'करावे' मला आवडतं, 'रवा मंद आचेवर भाजून घ्यावा' सारखं, पण त्यात वाचणाऱ्याला मुभा दिल्यासारखी वाटते. तुमच्या खजिनदारांना मुभा नको.

देवघेव_काउंटर :
लिहिलं : 'काम झाल्यावर क्लोजवर क्लिक करा, लेख जमा करा, मगच उठा.' छापून काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. वर बारीक अक्षरात 'उशिरा जमा केल्यास दंड' असंही घातलंय.

पाटीपेन्सिल :
तरीही ते प्लगिनच.