मदत हवी आहे: चार्जर लावला की स्पीकरमध्ये घूंऽऽ

मंडळी, जरा डोकं लावा. बायको रियाजाला लॅपटॉपवर तानपुरा लावते. हेडफोनच्या जॅकमधून वायर थेट ॲम्प्लिफायरला. चार्जर लावला की तानपुऱ्याखाली घूंऽऽ सुरू, वर बारीक किरकिर. गंमत म्हणजे माउस हलवला की किरकिरीचा सूरही बदलतो! चार्जर काढून बॅटरीवर चालवलं की एकदम शांत. नुसत्या हेडफोनवर चार्जर असतानाही आवाज नाही, म्हणजे साउंड कार्ड ठीक असावं. चार्जिंगची पिन हलवून पाहिली, सैल नाही.

मला संशय अर्थिंगचा. इमारत जुनी, घर भाड्याचं. ॲडॉप्टर ६५ वॉटचा, तीन पिनांचा. ॲम्प्लिफायर दोन पिनांचा. चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या कडेला मनगट टेकलं की मुंग्या येतात, टेस्टरही मंद पेटतो. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल २३५ व्होल्ट, फेज-अर्थ मात्र ९० च्या आसपास आणि तेही सारखं हलतं. वायरमन म्हणतो, "चालतंय की, सगळ्यांकडे असंच असतं." मला नाही पटत. एका मित्राने अर्थची मोठी पिनच काढून टाकायला सांगितलं, ते तर मुळीच करणार नाही.

तर, अर्थिंग नीट करून घेतलं की हा आवाज जाईल, की तरीही मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (ऑडिओच्या वायरमध्ये बसवायची, अशी घूंऽऽ अडवणारी छोटी डबी) लागेल? स्वस्तातल्या आयसोलेटरने खर्ज दबतो असं ऐकलंय. कोणी वापरलाय का? शिवाय बोर्डापर्यंत अर्थची नवी वायर ओढायचा खर्च घरमालकाने करायचा की भाडेकरूने, तुमच्याकडे काय पद्धत आहे?