अनुभव धागा: शेवटपर्यंत खेळलेला गेम

मला आता संपणारे गेम आवडतात. हे ठासून लिहितोय, कारण बहुतेक मोठे गेम न संपण्यासाठीच बनवले जातायत. नवा सीझन, नवा बॅटल पास (ठरावीक मुदतीत खेळत राहून बक्षिसं मिळवायची योजना), रोज लॉग-इन केलंत तर बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली. ऑफिसात हजेरी लावतो तेवढी पुरे. घरी येऊन पुन्हा कुणाच्या मस्टरवर सही करायची माझी तयारी नाही.

या मतावर शिक्कामोर्तब केलं ते 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३'ने. फ्रान्समधल्या माँपेलिएच्या सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओचा हा पहिलाच गेम, एप्रिल २०२५ मध्ये आला आणि २०२५चा 'गेम ऑफ द इयर' ठरला. कल्पना अशी: समुद्रापलीकडे एक प्रचंड शिळा आहे. दर वर्षी एक चित्रकर्ती जागी होते, शिळेवर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं पाकळ्या होऊन विरून जातात. पुढच्या वर्षी आकडा एकाने कमी. गेम सुरू होतो तेव्हा तो ३३ वर येतो, आणि ज्यांना एकच वर्ष उरलंय अशी माणसं तिला थांबवायला निघतात. लढाई आळीपाळीची आहे, पण शत्रूची पाळी असताना हातावर हात ठेवून बसता येत नाही. त्याचा वार नेमक्या क्षणी परतवावा लागतो. अख्खा गेम मरणाबद्दल आहे, मग तो संपायलाच हवा, आणि शेवटी जी निवड करावी लागते तिच्यात कुठलीच बाजू सुखाची नाही.

याच्या उलट 'काँकॉर्ड', फक्त ऑनलाइन खेळायचा बंदुकांचा गेम. २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद. पैसे परत मिळाले, पण लोकांची कित्येक वर्षांची मेहनत कुणालाच पुन्हा बघता येणार नाही. 'द क्रू' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, आणि एकट्याने गाडी फिरवायची म्हटली तरी तो गेम चालेनासा झाला. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली. कंपनीने हात काढून घेतला तरी गेम खेळता यावा, या तिच्या मागणीवर युरोपात १० लाखांहून जास्त सह्या झाल्या.

बडोद्यात मराठी घरांमधून खेळणारे पुष्कळ आहेत, पण मराठीत यावर कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा. तुम्ही शेवटपर्यंत नेलेला गेम कोणता? मध्येच सोडलेला कोणता, आणि का? मोबाइल, पीसी, कन्सोल, काहीही चालेल. आपण कुठल्या भागातले एवढं वर लिहा, म्हणजे शेजारी शेजाऱ्याला सापडेल.

रावपुरा

आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा गेम आणि कॅसेट. 'काँट्रा'च्या आठही लेव्हल भावाबरोबर पार केल्या आहेत. वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी, डावी-उजवी, बी, ए हे दाबलं की ३० जीव मिळायचे, आणि ते वाड्यातल्या प्रत्येक पोराला पाठ होतं.

पण मला लिहायचंय ते 'क्रिकेट ०७'बद्दल. ईए स्पोर्ट्सने २००६च्या शेवटी तो काढला आणि त्यानंतर तसा मोठा क्रिकेट गेम पुन्हा केलाच नाही. तरी तो जिवंत राहिला. कोण कुठली हौशी मुलं पॅच बनवायची: नवे संघ, नवे कपडे, आयपीएलचे फलक. आपला इरफान पठाण, मग हार्दिक आणि कृणाल, सगळे माझ्या जुन्या पीसीवर खेळून गेले. रिची बेनो आणि मार्क निकोलस यांचं समालोचन अजून तोंडपाठ आहे. कंपनीने हात काढून घेतल्यावरही गेम चालला, कारण त्याची डिस्क आमच्या घरात होती आणि त्याच्या फायली उघडून बदलता येत होत्या. धागाकर्त्यांना पटेल की नाही माहीत नाही, पण माझ्या लेखी गेम संपतो की नाही यापेक्षा तो कुणाच्या ताब्यात आहे हे मोठं.

फतेगंज

मी या धाग्याच्या विरोधात लिहितोय. मी बीजीएमआय (पबजी मोबाइलची भारतीय आवृत्ती) खेळतो आणि तो संपत नाही म्हणूनच खेळतो.

हॉस्टेलमध्ये आम्ही चौघं होतो. आता एक पुण्यात, एक सुरतेत, एक ब्रॅम्प्टनला. फोन केला तर दोन मिनिटांत विषय संपतात: काय चाललंय, बरं आहे, घरचे कसे आहेत. गेममधल्या इरांगेल या नकाशावर उतरलो की अर्धा तास गप्पा होतात आणि खऱ्या गप्पा होतात. मित्राची नोकरी गेल्याचं मला मॅचमध्येच कळलं. एका घरात दबा धरून बसलो होतो तेव्हा तो बोलला. समोरासमोर बसून तो हे बोलला नसता.

२ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली तेव्हा आमचा ग्रुप थंड पडला. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेला, मे २०२३ मध्ये परत आला. प्रत्येक वेळी आम्ही परत आलो ते खेळासाठी कमी, एकमेकांसाठी जास्त. बंदुकीच्या रंगासाठी आणि कपड्यांसाठी पेट्या विकत घ्यायला लावतात ते मलाही आवडत नाही. मी त्यावर पैसे घालत नाही आणि इतरांनीही घालू नयेत, कारण पेटीत काय निघेल हे न सांगता पैसे घेणं म्हणजे सोडतच आहे. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्या जुगारात धरल्या ते योग्य केलं.

धागाकर्ता

फतेगंजचे भाऊ, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. तुमची मॅच अर्ध्या तासात संपते, आणि पुन्हा यायचं ते मित्र बोलावतात म्हणून. माझा राग आहे तो मित्र नसतानाही बोलावणाऱ्या नोटिफिकेशनवर. रावपुऱ्याच्या दादांचा ताब्याचा मुद्दा मात्र मला सगळ्यात जड वाटतो. सर्व्हर बंद करताना निदान एकट्याने खेळता येईल अशी आवृत्ती मागे ठेवा, एवढंच तर ती युरोपातली मंडळी मागतायत.

फाइन आर्ट्स, सयाजीगंज

चित्रकला शिकते, त्यामुळे मी गेम आधी बघते आणि मग खेळते.

'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधला गेम. सर्कशीतली एक मुलगी, तिचा पळवून नेलेला भाऊ गोलू, आणि असुरांशी लढायला दुर्गेने दिलेलं त्रिशूळ. राजस्थानी किल्ल्यांचे सज्जे आणि जाळ्या, पहाडी लघुचित्रांचे रंग, कथा सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. भिंतीवरच्या चित्राजवळ थांबलं की त्या देवाची गोष्ट ऐकू येते. आम्हाला वर्गातून कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं दाखवायला नेलं होतं. भिंत गोष्ट कशी सांगते हे तिथे शिकले आणि 'राजी'त ते ओळखू आलं. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसूनही या लोकांनी गेम पुरा केला, याबद्दल मनापासून आदर आहे. फक्त शेवट घाईत उरकल्यासारखा आहे. लढाई संपते आणि गोष्ट तिथेच तुटते. इतक्या प्रेमाने उभ्या केलेल्या जगाला आणखी जागा मिळायला हवी होती.

नंतर ऑगस्ट २०२४ मध्ये 'ब्लॅक मिथ: वूकाँग' आला. चीनमधली खरी देवळं आणि मूर्ती स्कॅन करून त्यांनी हा गेम बांधला. त्यातली ३६ ठिकाणं खरी आहेत आणि २७ एकट्या शान्शी प्रांतातली. गेम खेळून लोक तिथे प्रवासाला जायला लागले. तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या. तेव्हापासून चांपानेरला गेले की माझं डोकं तिकडेच जातं. बडोद्यापासून जेमतेम ५० किलोमीटर, २००४ पासून जागतिक वारसा यादीत, वर पावागड, खाली मशिदींचे कोरीव मिनार आणि पायऱ्यांच्या विहिरी. एक विहीर तर सापाच्या वेटोळ्यासारखी खाली उतरते. लेव्हल डिझायनरला इथे नवीन काहीच रचावं लागणार नाही. आपल्याकडे कलाकार आहेत, प्रोग्रॅमर आहेत. चार-पाच वर्षं धीर धरून पैसे लावणारा कुणी नाही, हे खरं कारण आहे.

कारेलीबाग

माझं गेमिंग कॅफे आहे. मुलं व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक हे टीमने खेळायचे बंदुकांचे ऑनलाइन गेम खेळतात, तासावर पैसे. संपणारा गेम खेळायला कॅफेत कुणी येत नाही.

दोन गोष्टी सांगतो. २५ मे २०२४ ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली, मुलं गेली. त्या जागेकडे अग्निशमनची एनओसी नव्हती. त्यानंतर राज्यभर तपासण्या झाल्या आणि बरीच ठिकाणं बंद राहिली. धंद्याला फटका बसला, तरी मी म्हणतो तपासणी व्हायलाच हवी होती. पालकांनी कॅफेत पाऊल टाकलं की आधी बाहेर पडायचे रस्ते बघावेत, वायरिंग बघावं, एनओसी मागावी. जो दाखवत नाही त्याच्याकडे मूल पाठवू नये.

दुसरी गोष्ट, नातेवाईक आणि शेजारी रमीचे ॲप आणि हे खेळ एकाच पारड्यात टाकतात. ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांना मी हा फरक समजावून सांगतो.

अलकापुरी

व्हॅलोरंटमध्ये मी बराच काळ माइक बंद ठेवून खेळले. मुलीचा आवाज ऐकला की अर्धे खेळ सोडून बोलत सुटतात, काही घाण बोलतात, आणि हरलो की दोष माझा. पाच जणांच्या खेळात माहिती न देता खेळणं म्हणजे अपंग होऊन खेळणं. शत्रू कुठून आला हे दिसतंय आणि सांगता येत नाही.

आता आम्ही पाच मुली ठरवून एकत्र खेळतो, तीन बडोद्याच्या. हाका मराठी-गुजरातीत चालतात. रँक वाढली, पण त्याहून मोठं म्हणजे मोठ्याने बोलता येतं. ज्यांच्या टीममध्ये कुणी असं बोलतं त्यांनी गप्प बसू नये. रिपोर्टचं बटण सगळ्यांसाठी आहे, फक्त जिला बोललं तिच्यासाठी नाही.

गोत्री

मनगटाचं जुनं दुखणं आहे, म्हणून 'एल्डन रिंग' सोडला. त्यात सोपी पातळीच नाही. अवघडपणातच मजा आहे असं म्हणणाऱ्यांचं मत मला कळतं, पण 'सेलेस्ट'सारख्या कठीण गेममध्येही खेळाचा वेग कमी करता येतो, आणि त्यामुळे दुसऱ्या कुणाची मजा गेलेली नाही. 'एक्स्पिडिशन ३३'मध्येही कथेसाठीची सोपी पातळी आहे. ती निवडूनच मी तो शेवटाला नेला.

मांजलपूर

मी गेम खेळणारी नव्हे. मुलगा टोरोंटोला शिकतो. त्याने त्याच्या जुन्या लॅपटॉपवर 'वेंबा' टाकून दिला आणि म्हणाला, आई, हा तू खेळच.

एक तमिळ बाई नवऱ्याबरोबर कॅनडात जाते, तिथे मुलगा होतो. तिच्याकडे आईची पाककृतींची वही आहे, पण अक्षरं पुसली गेलीत, त्यामुळे पुढची पायरी आपण ओळखायची. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या म्हणजे वाफ वरपर्यंत जाईल, हे मी पहिल्या फटक्यात बरोबर केलं. मुलाला फोन करून सांगितलं तर म्हणाला, मला तर जमलं नव्हतं. आमच्या सासूबाई सगळं अंदाजाने करायच्या, वही नव्हतीच, त्यामुळे अर्धवट कृतीतून स्वयंपाक उभा करायची मला सवय आहे.

पण त्यातला मुलगा, कविन, शाळेत स्वतःला केविन म्हणवून घेतो, घरच्या भाषेत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देतो. तिथे मला थांबावं लागलं. आमच्या घरात मराठी, शाळेत गुजराती, आणि आता तो तिकडे. त्याचे मेसेज मराठीतच असतात, इंग्रजी अक्षरांत, पण असतात. 'वेंबा' तासा-दीड तासात संपतो. संपल्यावर आम्ही बराच वेळ बोललो, जेवणावरून सुरू झालं आणि त्याला तिथे कसं वाटतं इथपर्यंत गेलं. आधी असं कधी बोलला नव्हता.

आम्ही दोघं दोन देशांतून एकत्र खेळू शकू असा एखादा गेम आहे का? बंदुका नकोत, घाई नको.

धागाकर्ता

काकू, 'इट टेक्स टू'चं नाव तुम्हाला बरेच जण सुचवतील. गेम सुंदर आहे, एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फुकट खेळता येतो, पण त्यात दोन्ही अंगठ्यांनी एकाच वेळी चालायचं आणि बघायचं असतं, उड्या मारायच्या असतात. पहिल्यांदा खेळणाऱ्याला ते फार थकवतं.

'स्टारड्यू व्हॅली' घ्या. एकट्या माणसाने बनवलेला, २०१६चा, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. ओसाड शेत मिळतं. पेरायचं, पाणी घालायचं, मासे पकडायचे, गावातल्या लोकांशी ओळखी करायच्या. एकत्र खेळायची सोय २०१८ पासून आहे. खाणीत उतरलं की थोडी मारामारी असते, ती चिरंजीवांवर सोपवा. विकत मात्र दोघांनाही घ्यावा लागेल. आणि एक लक्षात ठेवा: ज्याच्या संगणकावर शेत आहे त्याने गेम सुरू केला तरच दुसऱ्याला आत जाता येतं. टोरोंटो उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, थंडीत साडेदहा. तेव्हा शेत तुमच्या लॅपटॉपवर बनवा, म्हणजे तो झोपलेला असतानाही तुम्हाला खेळता येईल.