मदत हवी आहे: १७९९ सालचा अमेरिकी लार्ज सेंट घ्यावा का?

पेनकर
नमस्कार. येथे पेनसिल्व्हेनियातील एका विक्रेत्याकडे १७९९ सालचा लार्ज सेंट, म्हणजे अमेरिकेचे जुने, मोठ्या आकाराचे तांब्याचे एक सेंटचे नाणे आहे. नाणे काळपट व झिजलेले असले तरी साल वाचता येते. किंमत भारी आहे आणि शनिवारपर्यंत निर्णय कळवायचा आहे. नाणे खरे आहे का, एवढेच कृपया लवकर सांगावे.

तांबट
वजन किती, कड कशी आहे आणि छायाचित्रे कुठे आहेत? १७९५ च्या अखेरीस सेंटचे वजन २०८ ग्रेनवरून १६८ ग्रेनवर आणले गेले. त्यामुळे १७९९ चे नाणे मुळात १०.८९ ग्रॅमचे आणि साध्या कडेचे असले पाहिजे. झिजेमुळे ते थोडे हलके भरेल.

मोहोर
एवढे कशाला? लोहचुंबक लावून पाहावे. नाणे चिकटले तर खोटे.

तांबट
चिकटले तर खोटे, हे मान्य. पण न चिकटल्याने काहीच सिद्ध होत नाही. १७९९ दुर्मीळ असल्यामुळे १७९८ च्या अस्सल सेंटवरील शेवटचा ८ कोरून त्याचा ९ करण्याचा उद्योग फार जुना आहे. ते तांबेही खरे आणि टांकसाळही खरीच, मग चुंबक काय सांगणार?

रानवारा
काळेपणा चिंचेच्या कोळाने निघेल, मग साल स्पष्ट दिसेल.

तांबट
कृपया असे करू नये. आम्लाने वरचा जुना थर निघून जातो, तांबे अनैसर्गिक गुलाबी दिसू लागते आणि संग्राहक ते लगेच ओळखतात. या सालची बहुतेक नाणी काळपट व खडबडीतच सापडतात, त्यामुळे रंगावरून शंका घेण्याचे कारण नाही.

सोनगड
तेवढ्या पैशांत उत्तम शिवराया घेता येतील. बाकी, त्या काळात अमेरिकी टांकसाळीला तांब्याच्या चकत्या पुरवणाऱ्या मॅथ्यू बोल्टनच्याच बर्मिंगहॅमजवळील सोहो कारखान्यात मुंबई इलाख्याची १७९१ ची तांब्याची नाणीही पाडली गेली होती.

पेनकर
शिवराईचा प्रश्न मी विचारलेला नाही. वजन १०.४ ग्रॅम आहे, कड गुळगुळीत आहे आणि छायाचित्रे जोडली आहेत. आता तरी सांगावे.

तांबट
वजन आणि कड दोन्ही जुळतात, परंतु १७९८ चा सेंटही या कसोट्यांना उतरतो. जुन्या अमेरिकी सेंटच्या प्रकारांना क्रमांक देणारे अभ्यासक विल्यम शेल्डन यांच्या वर्गीकरणात १७९९ चे दोनच प्रकार आहेत, एस-१८८ आणि एस-१८९. त्यांपैकी पहिल्यात मुळातच ८ वर ९ ठोकलेला आहे, म्हणून ८ चा अवशेष दिसला की नाणे बनावट असा घाईचा निष्कर्ष काढू नये. दोन्ही बाजूंवरील अक्षरांची व पानांची जागा या दोहोंपैकी एकाशी तंतोतंत जुळली पाहिजे, आणि शेवटच्या ९ भोवतीचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा खोलगट नसावा. तुमच्या छायाचित्रांत प्रकाश समोरून पडला असल्यामुळे नेमकी तीच जागा दिसत नाही. तिरक्या प्रकाशात सालाचे मोठे छायाचित्र काढावे आणि नाणे कोणत्या शेल्डन क्रमांकाचे आहे ते विक्रेत्याला विचारावे. एवढी किंमत मागणाऱ्याला ते सांगता आले पाहिजे.

मोहोर
पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या बंद डबीत असेल तरच घ्यावे, असे माझे मत आहे.

पेनकर
डबीत नाही. तपासणीत खोटे ठरल्यास पूर्ण पैसे परत करण्याचे लेखी आश्वासन आजच मागतो आणि तिरक्या प्रकाशातील छायाचित्र रात्री येथे टाकतो.